सामाईक यंत्र आणि नावाचे खाते
(गोव्याच्या विद्यापीठीय संगणकाच्या इतिहासातील एक प्रकरण)



कै. गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानात इतिहासाच्या माणसाने देवळे, शिलालेख, राण्यांची बंडे किंवा मुक्तिसंग्राम यांविषयी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज संगणकाच्या खात्याविषयी बोलणार आहे. विद्यापीठाच्या विभागात प्रवेश घेतल्यावर विद्यार्थ्याला मिळणारे खाते, त्याचा परवलीचा शब्द, आणि ते खाते उघडून देणारा, अडले की सोडवणारा माणूस, एवढाच माझा विषय. विषय नवा असला तरी तो इतिहासाचाच आहे. कारण ज्या पिढीने ही खाती प्रथम वापरली ती पिढी आता निवृत्तीच्या वयाला पोहोचली आहे, आणि त्यांच्या आठवणींशिवाय त्या काळाची साधने फारशी हाती येत नाहीत.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘खाते’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाण्याची खतावणी येते. कीर्दीत रोजची नोंद, खतावणीत माणसागणिक हिशेब. संगणकाच्या संदर्भात हा शब्द आपण इंग्रजीवरून घेतला हे खरे. पण तो इतका नेमका बसला आहे की भाषांतर वाटत नाही. मुळात संगणकातले खाते हे हिशेबाचेच खाते होते. यंत्र एक, किंमत अफाट, वापरणारे अनेक. कोणी किती मिनिटे वापरले याची नोंद ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्या गावकारीत जमीन गावाची, पण वर्षाचा वाटा नोंदवहीत नाव असलेल्या गावकरालाच, ही व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना संगणकाच्या खात्याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. सामाईक वस्तूत आपला हक्क कोणता, हे नोंदीवरून ठरते. आणि नोंद कोणाच्या हाती, यावरून पुष्कळ काही ठरते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये एक प्रात्यक्षिक दाखवले. एकाच यंत्राला अनेक टंकयंत्रे जोडायची, यंत्राने प्रत्येकाला आळीपाळीने क्षणाक्षणाचा वेळ द्यायचा, आणि बसलेल्या प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असे वाटावे, अशी ती योजना होती. पुढच्याच महिन्यात, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. पण कालगणनेची सवय जडलेल्या माणसाला असे योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या यंत्रावर प्रत्येकाचे कागद निराळे ठेवायचे तर कोण बसला आहे हे यंत्राला कळले पाहिजे. म्हणून क्रमांक आणि गुप्त शब्द आले. ही कुलूपबंदी वर्षभरही टिकली नाही. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत. त्याच्या कामाला ते पुरेनात. १९६२ साली त्याने साऱ्यांचे परवलीचे शब्द असलेली यादी छापून द्यावी, अशी विनंती पत्त्यावर छिद्रे पाडून यंत्राला सादर केली, आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. पुढे दुसऱ्यांच्या नावावर त्याचे काम चालू राहिले. ही गोष्ट त्याने सुमारे पंचवीस वर्षांनी कबूल केली. संगणकाच्या इतिहासातील परवलीच्या शब्दांची ही बहुधा पहिली चोरी. ती धनासाठी झाली नाही, वैरासाठीही नाही; एका विद्यार्थ्याला वेळ कमी पडत होता म्हणून झाली. हा धागा आपण लक्षात ठेवू, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता भारताकडे येऊ. आपल्या गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून मानतो. ते व्यवसायाने गणिती, आणि १९४५पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी निगडित होते. १९४८-४९मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेत गेले, ते संगणकयंत्रांच्या अभ्यासासाठी. गणकयंत्र ही भारताला लागणारी वस्तू आहे, हे ज्यांना फार लवकर उमगले अशांत एक गोमंतकीय होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्याच संस्थेत पुढे र. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी स्वतः यंत्र बांधले. ते १९६०मध्ये कामाला लागले आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १९६४मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे अमेरिकन बनावटीचे मोठे यंत्र आले आणि देशभरच्या संशोधकांना त्याची दारे उघडली.

दारे उघडली म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागेल. गणित कागदावर लिहायचे, छिद्रे पाडणाऱ्या यंत्रावर पत्ते तयार करायचे, तो गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि परत यायचे. निकाल छापील कागदावर मिळे. आणि एखाद्या पत्त्यावर स्वल्पविराम चुकला असेल तर निकालाऐवजी चूक मिळे. मग पुन्हा गठ्ठा, पुन्हा खिडकी. खिडकीपलीकडचा माणूस हाच संशोधकाचा आधार. कोणाचा गठ्ठा आधी चालवायचा हे नियमाने ठरे, पण गठ्ठ्यातले पत्ते उलटे लागले आहेत हे सांगण्याचे सौजन्य कोणत्याही नियमात नव्हते. ते त्या माणसात असले तर असे.

मुक्तीनंतरच्या दोन दशकांत गोव्याचे उच्च शिक्षण मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. पणजीत त्या विद्यापीठाचे पदव्युत्तर अध्यापन व संशोधन केंद्र होते. १९६६मध्ये स्थापन झालेली, दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सोडली, तर मोठ्या गणनाची गरज भासणारी ठिकाणे गोव्यात थोडी होती. अशा काळात मोठा संगणक म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे रात्रभराची बस किंवा बोट.

१९८५मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या काही वर्षांतच तेथे संगणकशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईचे अंतर मिटले. पण आपल्या भागातल्या मुलांसाठी एक नवे अंतर उभे राहिले. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. १९९२मध्ये नवा पूल वाहतुकीला खुला होईपर्यंत बेती-पणजीची फेरीबोट हाच उत्तरेकडच्या लोकांचा मुख्य आधार होता. पेडण्याच्या विद्यार्थ्याला ताळगावच्या पठारावर पोहोचायला शापोरा आणि मांडवी अशा दोन नद्या ओलांडाव्या लागत. डिचोलीहून म्हापशामार्गे येणाऱ्यालाही मांडवी चुकत नसे. पावसाळ्यात फेरीच्या धक्क्यावरची रांग ज्यांनी अनुभवली आहे अशी मंडळी या सभागृहात आहेतच. आता यात संगणकाचा संबंध काय? संबंध असा, की प्रयोगशाळेतील खात्याला वेळ नेमून दिलेला असे. पणजीत राहणाऱ्याला संध्याकाळी सातची पाळी सोयीची. पेडण्याच्या मुलाला त्याच वेळी बसचा आणि फेरीचा विचार करावा लागे. नोंदवहीत दोघांची खाती सारखीच होती.

त्या काळी भारतातल्या विद्यापीठांच्या संगणक विभागांत सर्वसाधारणपणे जे दृश्य असे, ते थोडे विस्ताराने सांगतो. खोली वातानुकूलित, कारण यंत्राला उष्मा सोसत नाही. दाराबाहेर चपलांची रांग, कारण धूळही सोसत नाही. आत एक मुख्य यंत्र, त्याच्यावर ‘युनिक्स’ प्रणाली, आणि त्याला जोडलेले काही पडदे, ज्यांवर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे उमटत. प्रत्येक विद्यार्थ्याला इंग्रजी लहान अक्षरांतले एक नाव, आणि यंत्रात त्याच्या मालकीचा एक कप्पा. कप्प्याचा आकार ठरलेला. तो भरला की यंत्र पुढचे काही लिहून घेत नसे. अशा प्रत्येक यंत्रावर एक खाते असे होते की ज्याला कसलीच मर्यादा नव्हती. त्याचे नाव ‘रूट’, म्हणजे मूळ. ते ज्याच्या हाती तो त्या खोलीचा कुळकर्णी!

हा कुळकर्णी म्हणजे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. कित्येक विभागांत त्याचे स्वतंत्र पदही नसे. एखादा तरुण अधिव्याख्याता, एखादा प्रयोगशाळा साहाय्यक, आणि वरच्या वर्गातले दोन-चार हौशी विद्यार्थी मिळून ते काम करीत. सकाळी यंत्र सुरू करणे, परवलीचा शब्द विसरलेल्याला नवा देणे, छपाईयंत्रात अडकलेला कागद काढणे, कोणाच्या तरी अखंड फिरत राहिलेल्या कार्यक्रमाने सारे यंत्र मंद केले असेल तर तो शोधून थांबवणे, आठवड्याच्या शेवटी सर्वांच्या कप्प्यांची नक्कल फितीवर उतरवून कपाटात ठेवणे, ही नित्याची कामे. गोव्यात त्यात आणखी भर पडे. वळवाच्या विजा, अचानक जाणारी वीज, आणि चार महिन्यांची दमट हवा. फ्लॉपीवर बुरशी धरते हे कोणत्याही परदेशी पुस्तकात ठळकपणे लिहिलेले नव्हते. ते येथल्या मंडळींना अनुभवाने शिकावे लागले. परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्याचे महिन्याभराचे काम पुसले गेले तर फितीवरून ते परत काढून देणारा हा माणूस विद्यापीठाच्या कोणत्याही वार्षिक अहवालात सापडत नाही. विभागप्रमुख सापडतात, यंत्राची किंमत सापडते. माझ्या मते संगणकशिक्षणाचा इतिहास लिहिताना हीच पहिली दुरुस्ती करायला हवी.

खातेवहीकडे लक्ष देणारा माणूस काय करू शकतो, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण याच काळातले आहे. १९८६च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आपला पूल पडल्यानंतरच्या महिन्यात, अमेरिकेतील बर्कले येथील प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे संगणककक्षाचे काम आले. वापराच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटचा फरक येत होता. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. स्टोल यांनी त्याचा माग काढला, आणि महिनोन्‌महिने जागरणे केल्यावर पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर येथे बसून अमेरिकी लष्करी माहिती चोरणारा व ती रशियाच्या हेरखात्याला विकणारा इसम सापडला. आपल्या वाणसौद्याच्या दुकानातील जुने दिवाणजी पै-पैचा ताळा जुळेपर्यंत दिवा मालवीत नसत, त्याच जातीची ही निष्ठा.

माणसे परवलीचे शब्द कसे निवडतात, याचीही पाहणी तत्पूर्वीच झाली होती. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ शब्द तपासले. त्यांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, सहज ओळखता येण्याजोगे निघाले. तेव्हापासून मदतनिसांनी विद्यार्थ्यांना केलेला उपदेश फारसा बदललेला नाही, आणि विद्यार्थीही बदललेले नाहीत.

विभागातील खात्याला बाहेरचे जग जोडले गेले ते ‘एर्नेट’मुळे. १९८६मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईची एन.सी.एस.टी. ही संस्था, अशी आठ केंद्रे होती. एन.सी.एस.टी.चे प्रमुख श्रीनिवासन रमणी या कामात अग्रेसर होते. १९८९मध्ये मुंबईहून अमेरिकेशी जोडणी झाली. तिचा वेग आजच्या साध्या भ्रमणध्वनीच्या हजाराव्या भागाइतकाही नव्हता. पण पत्र पाठवून त्याच दिवशी उत्तर येणे ही गोष्ट टपालाची वाट पाहणाऱ्या संशोधकाला अद्भुत वाटे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्यांना वर्षाला पाचशे रुपयांत अडीचशे तासांचे केवळ अक्षरांचे खाते मिळे. चित्रे नाहीत, रंग नाहीत. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमचा तो चिरका आवाज येई आणि जोडणी लागली की पुन्हा तेच: नाव आणि परवलीचा शब्द. तासांचा हिशेब पुन्हा आलाच. शेरच्या आठवड्याच्या चार तासांची आठवण व्हावी असा.

येथे तो पहिला धागा पुन्हा हाती येतो. हेलसिंकी विद्यापीठात १९९०च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी जे युनिक्स यंत्र होते त्यावर एका वेळी सोळाच जणांना बसता येई. रांगेत उभे राहून कंटाळलेल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१च्या जानेवारीत स्वतःचा संगणक घेतला आणि घरबसल्या विद्यापीठातील आपल्या खात्यात शिरता यावे म्हणून एक छोटा कार्यक्रम लिहिला. तोच वाढत वाढत लिनक्स ही स्वतंत्र प्रणाली झाली. खात्याला वेळ कमी पडला म्हणून एकाने यादी चोरली, दुसऱ्याने नवी प्रणाली लिहून जगाला फुकट दिली.

ही प्रणाली गोव्यात आली तेव्हा तिचे स्वागत करणाऱ्यांत येथील विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील मंडळीही होती. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात गोवा आणि परदेशस्थ गोमंतकीय यांनी मिळून शाळांना संगणक मिळवून देण्याची चळवळ हाती घेतली. ‘गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट’ हे तिचे नाव. परदेशी कार्यालयांतून निघालेली वापरलेली यंत्रे येथील शाळांत पोहोचू लागली. त्यांवर विकतची प्रणाली घालायची तर दान मिळालेल्या यंत्रापेक्षा परवान्याचा खर्च मोठा! म्हणून लिनक्स. आणि जुन्या, दुबळ्या यंत्रांकडून काम करून घेण्याची युक्तीही १९६१चीच: एक बरे यंत्र मध्यभागी, बाकीची नुसती त्याच्या तारेला लावलेली, आणि प्रत्येक मुलाला आपापले खाते. मोठ्या संस्थांनी जी पद्धत जुनी म्हणून टाकून दिली होती ती खेड्यातल्या शाळेला सोयीची ठरावी, यात मला तरी कमीपणा दिसत नाही.

अडचण होती ती मदतनिसाची. विद्यापीठाच्या खोलीत कुळकर्णी होता. गावच्या शाळेत तो कोठून आणायचा? पंधरा यंत्रे ज्या एका यंत्रावर अवलंबून, ते बंद पडले की पंधराही बंद. पणजीहून कोणी यायचे तर एक दिवस मोडतो. या शतकाच्या आरंभी राज्य सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक आले, तेव्हाही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. वस्तू घरात आली. ती बिघडल्यावर कोणाला विचारायचे, याचे उत्तर बहुतेक गावांत ‘अमक्याचा मुलगा फर्मागुडीला अभियांत्रिकीला आहे, तो शनिवारी येतो’ असेच होते. शनिवारी येणारा हा मुलगा गोव्याच्या ग्रामीण संगणकसाक्षरतेचा खरा आधारस्तंभ आहे, असे म्हटले तर कोणी अतिशयोक्ती समजू नये.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. तिच्याकडे केवळ तांत्रिक माणसाचे लक्ष जात नाही. खाते नावावर असते, आणि गोव्यात नाव ही सरळ गोष्ट नाही. पोर्तुगीज अमदानीतील जन्मनोंदींत आपली नावे त्यांच्या वर्णरचनेने लिहिली गेली. ‘नाईक’ हे आडनाव आज रोमन लिपीत चार अक्षरांत मावते. जुन्या कागदांत शेवटच्या ‘के’ऐवजी ‘क्यू-यू-ई’ अशी तीन अक्षरे येऊन ते सहांचे होते. ‘श’ हा ‘एक्स’ने लिहिला जाई. आमचे पेडणे अजूनही कागदोपत्री ‘पेर्ने’ आणि डिचोली ‘बिशोली’ अशाच वळणाने लिहिले जाते. बापाचे आडनाव एका वर्णांत, मुलाचे दुसऱ्या वर्णांत, असे घराघरांत आढळते. १९९०मध्ये नाव व आडनाव बदलण्यासंबंधी गोव्याला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच प्रश्नाची व्याप्ती ध्यानी येईल.

जुन्या युनिक्समध्ये खात्याच्या नावाला आठच अक्षरांची मुभा होती. तेव्हा गंमत एवढीच की वर्गात तीन नाईक निघाले तर एकाला ‘नाईक दोन’ आणि दुसऱ्याला ‘नाईक तीन’ व्हावे लागे, आणि कित्येकांना हीच नावे जन्माची चिकटली. पुढे गंमत उरली नाही. २०२१पासून विद्यार्थ्याचे श्रेयांक राष्ट्रीय पातळीवरच्या श्रेयांकपेढीत जमा करण्याची व्यवस्था आली. त्या खात्यातील नाव आधारपत्राशी आणि विद्यापीठाच्या नोंदीशी जुळावे लागते. एका अक्षराचा फरक असला तर यंत्र दोन माणसे मानते. वाण्याच्या खतावणीत दिवाणजी ओळखीच्या माणसाला नावावरून अडवीत नसे. त्याला चेहरा दिसत असे. आता विद्यापीठाच्या मदतकक्षाला पाठवलेली तक्रार क्रमांक होऊन जाते आणि उत्तरही क्रमांकालाच येते. हा दोष तेथे बसलेल्या माणसांचा नाही. वीस खात्यांसाठी एक मदतनीस होता तेव्हाची गोष्ट आज हजारो खात्यांना लागू करता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या आजोबांचे नाव पोर्तुगीज लेखनिकाने लिहिले त्या नातवाने त्या अक्षरांसाठी शिष्यवृत्ती खोळंबलेली पाहावी, यात इतिहासाचा जो भाग आहे तो समजून घेणारा कोणीतरी मदतकक्षात असायला हवा, एवढे म्हणण्याचा मला अधिकार आहे.

गेल्या वीस वर्षांतले बदल थोडक्यात सांगतो, कारण ते आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढचे आहेत. डिसेंबर २००२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांसाठी ‘इन्फोनेट’ जाळे जाहीर केले. ग्रंथालयातील नियतकालिके पडद्यावर आली, आणि पुढे ‘इन्फेड’सारख्या व्यवस्थेमुळे विद्यापीठाच्या एकाच खात्याने ती घरबसल्या वाचता येऊ लागली. पेडण्याच्या मुलाला नदी ओलांडण्याचे कारण उरले नाही, असे वाटले. २०२०च्या टाळेबंदीने तो समज खोटा ठरवला. सांगे-सत्तरीच्या भागांत मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत असल्याच्या बातम्या आपण वाचल्या. खाते होते, परवलीचा शब्द होता, तार नव्हती.

माजी विद्यार्थ्यांना जवळून लागणारी एक गोष्ट राहिली. खाते केव्हा बंद होते? युनिक्सच्या काळी पदवी मिळाली की वर्षअखेरीस मदतनीस त्या तुकडीचे कप्पे पुसून टाकी. फितीवरची नक्कल काही वर्षे राही, मग ती फितही पुन्हा वापरात येई. पुढे अनेक विद्यापीठांनी आपली टपालव्यवस्था गूगलसारख्या कंपन्यांच्या हवाली केली, तेव्हा अमर्याद जागा फुकट मिळत होती आणि खाती जन्मभर राहतील असे विद्यार्थी समजून चालले. २०२१मध्ये गूगलने शिक्षणसंस्थांना सामाईक शंभर टेराबाइटची मर्यादा जाहीर केली. ती जुलै २०२२पासून लागू झाली. जगभरच्या विद्यापीठांनी जागा मोकळी करण्यासाठी पहिली दृष्टी माजी विद्यार्थ्यांच्या खात्यांकडे वळवली. प्रबंधाचे मसुदे, मार्गदर्शकांशी झालेला पत्रव्यवहार, सहलींची छायाचित्रे अशी कितीतरी सामग्री त्यात गेली. दप्तरखान्यात वाळवी लागते तेव्हा निदान पोखरलेला कागद दिसतो.

म्हणून या सभेला एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी ज्यांनी १९८०-९०च्या दशकांत गोव्यातल्या कोणत्याही विद्यापीठ विभागात, महाविद्यालयात वा शाळेत संगणककक्ष सांभाळला असेल त्यांच्या घरी जुन्या पाळ्यांचे तक्ते, यंत्र बंद पडल्याच्या तारखांच्या वह्या, खात्यांच्या छापील याद्या, छपाईयंत्राचे लांबलचक कागद पडून असण्याचा संभव आहे. फ्लॉपी आणि फिती आता बहुधा वाचता येणार नाहीत. वह्या वाचता येतील. त्या रद्दीत देण्यापूर्वी शाळेच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात. परवलीचे शब्द लिहिलेले पान असले, तर तेवढे फाडून ठेवले तरी चालेल.